सरळ भिंतीचं घर

माडीच्या खिडकीतून मी ओळंबा सोडला. दोरी खाली खाली गेली, आणि शिसं भिंतीपासून हे एवढं लांब जाऊन लोंबकळायला लागलं. खाली लेन थरलो नावाचा म्हातारा सुतार पट्टी घेऊन उभा होता. दोरी हलायची थांबल्यावर त्याने मोजलं आणि वर बघून सांगितलं, "नऊ इंच."

"परत मोजा," मी म्हटलं.

परत नऊच भरले. अख्खी भिंत वरच्या अंगाला नऊ इंच बोळात झुकलेली, आणि त्याच भिंतीला पाठ लावून खाली स्वयंपाकघरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मिसेस केरिज आमच्यासाठी चहा टाकत होत्या. बशा वाजल्या तरी मला धस्स होत होतं.

ही गोष्ट एकोणऐंशी सालच्या एप्रिलमधली. विकंबरी म्हणून इंग्लंडच्या पूर्वेला एक लहानसं खेडं. मी अठ्ठावीस वर्षांची, सांगलीहून इंजिनीअर होऊन आलेली. आमचे हे तिथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे त्यांना कोट चढवला की काम. मला मात्र दीड वर्ष कोणी दारात उभं करेना. शेवटी मिस्टर हेझलडीन नावाच्या एका वास्तुतज्ज्ञांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार. त्या तीन महिन्यांतले अडीच संपले होते आणि विकंबरीतली जुनी लाकडी घरं तपासणं हे माझ्या एकटीवर सोपवलेलं पहिलं काम होतं. ते बिघडलं असतं तर माझं घरी बसणं नक्की होतं, आणि परत कोणी घेतलं नसतं हेही मला पक्कं ठाऊक होतं.

घरं बघायला लोक लांबून यायचे. चारशे वर्षांपूर्वीची. ओकच्या जाडजूड खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा, सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी जोडलेले, लोखंडाचा एक खिळा नाही. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर रस्त्यावर पुढे आलेला. दारं इतकी ठेंगणी, की ते सहा फुटी साहेब लोक आपापल्या घरात कंबरेत वाकून शिरायचे. आणि खांबांच्या मधल्या भिंती कसल्या, तर काटक्या विणून त्यावर माती, गवत आणि शेण थापलेलं, वरून चुना. म्हणजे आपला कूड! राजापूरकडे माझ्या मामांच्या घरी असल्याच भिंती होत्या. दर दिवाळीला मामी त्या लिंपायची, आणि आम्ही सांगलीची मुलं नाकं मुरडायचो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर राबून सिमेंटचा बंगला बांधला होता. आमच्याकडे कूड म्हणजे गरिबी आणि सिमेंट म्हणजे सुधारणा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. साता समुद्रापलीकडे येऊन त्याच कुडाला गोरे लोक वारसा म्हणतात, याचं मला मनातून हसूच येत होतं.

पण नऊ इंच ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

लेनचं म्हणणं वेगळं होतं. तो सांगायला लागला, की ओक ओला असतानाच उभा करतात, मग तो वाळताना पीळ घेतो, त्याला हवं तसं बसतो, आणि एकदा बसला की हलत नाही. हे घर त्याच्या आजोबांच्या वेळेलाही असंच झुकलेलं होतं म्हणे. मी नाक वर करून विचारलं, याचा हिशेब कुठे मांडलाय का? त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मी आपलं म्हटलं, अडाणी माणूस, याच्या नादी काय लागायचं. माझ्याकडे पदवी होती आणि नऊ इंच होते.

शेजारचं घर बघितलं तेव्हा मात्र मला हायसं वाटलं. मध्ये फक्त चार फुटांचा बोळ. लंडनचं एक जोडपं, व्हिटलॉक नावाचं, शनिवार-रविवारी तिथे यायचं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी बाहेरून जमिनीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. पांढरीशुभ्र, सरळसोट भिंत. आमच्या सांगलीच्या बंगल्याचीच आठवण व्हावी. ओळंबा सोडला तर जेमतेम एक इंच. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी मी त्या भिंतीवर थाप मारली.

मग मी माझं डोकं चालवलं. बोळात या घरापासून त्या घरापर्यंत दोन आडवे टेकू द्यायचे. जाड तुळया, प्रत्येकीच्या पोटात एक मोठा स्क्रू. तो फिरवला की तुळई लांबते आणि दोन्ही भिंतींना घट्ट रेटते. सरळ घराच्या जोरावर वाकडं घर धरून ठेवायचं. आणि पायाची दुरुस्ती होईपर्यंत दहा दिवस मिसेस केरिजना बाहेर काढायचं.

मिस्टर हेझलडीनना मी फोनवर बेत सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. एकच प्रश्न त्यांनी विचारला.

"दुसऱ्या घराची भिंत तपासलीस ना?"

"हो, तपासली," मी म्हटलं.

थाप मारून तपासली होती, हे काही मी बोलले नाही.

मिसेस केरिजना समजावणं अवघड जाईल अशी माझी अटकळ होती. लग्न होऊन त्या त्या घरात आल्या त्याला पंचावन्न वर्षं झाली होती. नवरा त्याच घरात गेला. मूलबाळ नाही. कंबरेचं हाड दुखायचं म्हणून काठी, आणि कानाला यंत्र. मी त्यांच्यासमोर कागद पसरला, आकडे सांगितले, भिंत कशी आणि कुठे कोसळेल ते चित्र काढून दाखवलं. त्या कागदाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होत्या. भाचीकडे जायला त्या तयार नव्हत्या. मग व्हिटलॉकांनीच फोनवर सांगितलं, आमचं घर रिकामं आहे, खुशाल राहू दे. किल्ली तर मिसेस केरिजकडेच असायची, झाडांना पाणी घालायला.

"दहाच दिवस ना?" मिसेस केरिजनी विचारलं.

"दहाच दिवस. तुमच्या जिवापेक्षा काही मोठं आहे का?"

"बरं बाई. जाते."

इतक्या चटकन त्या तयार झाल्या याचा मला केवढा अभिमान! घरी जाऊन मी ह्यांना सांगितलंसुद्धा, की आता माझं इंग्रजी बरं चालायला लागलंय.

मंगळवारी त्यांचा पलंग, चहाची किटली आणि एक कुंडी शेजारी गेली. बुधवारी लेनने टेकू बसवले. स्क्रू मी स्वतः उभं राहून आवळून घेतले. आणखी, आणखी, म्हणत. लेन एकदा म्हणाला, बस झालं आता. मी म्हटलं, अजून एक फेरा.

शुक्रवारी दुपारी बसमधून उतरून मी आधी मिसेस केरिजना बघायला गेले. त्या जेवून उठल्या होत्या. चहा झाला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, की या घराच्या भिंतीत कोणीतरी टकटक करतं. कानाचं यंत्र लावून भिंतीशेजारी बसलं की स्पष्ट येतं. नखाने टेबलावर वाजवावं तसं सहा-सात वेळा, मग थांबतं, मग पुन्हा. गावात त्याला मरणघड्याळ म्हणतात. ज्याला ऐकू येतं त्याचे दिवस भरले, असं त्यांची सासू सांगायची. हे सांगून त्या छान हसल्या. वर हेही म्हणाल्या, की निजायच्या खोलीचं दार कालपासून लागत नाही, चौकटीत अडकतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण ती मरणघड्याळाच्या नावाने. मी सांगलीची, असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणत लहानाची मोठी झालेली, तरी अंगावर काटा आलाच. दाराचं मात्र मी चक्क कानाआड केलं. इंजिनीअर ना मी!

रोजच्या सवयीने त्यांनी कंबरेची गोळी घेतली, कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि दुपारच्या झोपेसाठी वर गेल्या. मी बाहेर बोळात आले. लेन तिथे खोके आवरत होता. मी हसत हसत त्याला ती टकटक सांगितली. तुमच्या गावाला सुद्धा भुतंखेतं आहेत की, असं काहीसं म्हटलं.

लेन हसला नाही. हातातलं खोकं त्याने खाली ठेवलं.

"कुठल्या भिंतीत?"

"याच. जिन्याच्या."

"तो किडा असतो," तो म्हणाला. "ओकमधला. जोडीदाराला बोलवायला डोकं आपटतो. पण तो वाळलेल्या ओकला तोंड लावत नाही, मिसेस शिंत्रे. दात मोडतात त्याचे. त्याला लाकूड ओलं लागतं. कुजलेलं."

मी म्हटलं, इथे ओल कुठून येणार? बाहेरून चांगलं सिमेंट आहे.

लेनने एकदा माझ्याकडे बघितलं. त्याने पिशवीतून छिन्नी काढली, जमिनीलगत गुडघे टेकले आणि गिलाव्याच्या खालच्या कडेशी हळूहळू खरवडायला लागला. हातोडी त्याने घेतलीच नाही. पाचेक मिनिटांत विटेएवढा एक तुकडा निघाला. त्याच्या मागे चारशे वर्षांची ओकची तुळई असायला हवी होती, जिच्यावर भिंतीचे सगळे खांब उभे असतात. लेनने हात आत घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. हात बाहेर काढून त्याने मूठ उघडली तेव्हा त्यात काळपट, ओला, गाळून उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा भुगा होता.

"खाली काही नाही," तो म्हणाला.

मला कळायला वेळ लागला नाही, आणि तेच वाईट होतं. चुना पाणी आत घेतो आणि परत सोडून देतो. सिमेंटने ते कोंडलं. आठ वर्षं पावसाचं पाणी फटीतून आत शिरत राहिलं आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. तुळई कुजली, खांबांचे पाय कुजले, आणि एवढं दुमजली घर त्या बाजूला दोन बोटं जाडीच्या सिमेंटच्या पापुद्र्यावर उभं होतं. त्या पापुद्र्यावर मी दोन टेकूंनी शेजारच्या घराचा रेटा आणून सोडला होता. वर अजून एक फेरा. आणि वाकड्या घरातून एका म्हातारीला उचलून त्याच भिंतीच्या आड नेऊन निजवलं होतं.

खरंच सांगते, मी तिथेच खोक्यावर बसले. लेनने भिंतीला कान लावला. मग मीही लावला. टकटक नव्हती. आत काहीतरी अगदी बारीक करकरत होतं, थांबत होतं, पुन्हा करकरत होतं.

"स्क्रू सैल करायला हवेत," लेन हळू आवाजात म्हणाला. "पण पाव-पाव फेऱ्याने. एकदा याचा, एकदा त्याचा. एकदम सोडला तर भिंत झटका खाईल. अर्धा तास तरी लागेल. त्याच्या आत तिला बाहेर काढायला हवं."

हाक मारून उपयोग नव्हता. कानाचं यंत्र खाली टेबलावर. दार वाजवायची सोय नव्हती. कोणीतरी वर जायलाच हवं होतं, आणि जिना त्याच भिंतीला चिकटून वर जाणारा.

"मी जाते," मी म्हटलं. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. लेन ऐंशी-नव्वद किलोचा आणि स्क्रूवर त्याचाच हात हवा, हे उघड दिसत होतं. तरी मनातून मला वाटत होतं, की त्याने नको म्हणावं. थांब, मी जातो, म्हणावं. तो फक्त म्हणाला, "भिंतीला हात लावू नकोस."

दारात मी बूट काढले. देवळात शिरताना काढावेत तसे बाजूला नीट लावून ठेवले, कशाला कोण जाणे. आतून घर इतकं छान दिसत होतं. फुलांचे पडदे, पितळी घोडे, टेबलावर आमच्या दोघींचे उष्टे कप. जिन्याचं दार उघडलं. अरुंद, उभा, अंधारा जिना. पायरी वाजेल म्हणून मी भिंतीपासून लांबच्या कडेने पाऊल टाकायला गेले, तर तीच पायरी वाजली. मी जागच्या जागी थिजले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात उचलायची भीती. चौथ्या पायरीवर माझ्या मनगटावर काहीतरी पडलं. चुन्याची भुकटी. वर बघितलं तर भिंत आणि छत मिळतात तिथे एक फट होती आणि तिच्यातून बाहेरचा उजेड दिसत होता. वीस मिनिटांपूर्वी इथूनच त्या वर गेल्या होत्या का? तेव्हा ही होती का? मला काही आठवेना.

मनात नको नको ते येत होतं. हे संध्याकाळी घरी येतील आणि कुलूप असेल. सांगलीला तार जाईल. वडील ती तार घेऊन बंगल्याच्या पायरीवर बसतील. मग वाटलं, आत्ता मागे फिरले तरी कोण काय म्हणणार आहे? ते वाटलं, हे मी लपवत नाही. एक पाय खालच्या पायरीवर टेकलाही होता. पण वरून मिसेस केरिजच्या घोरण्याचा आवाज आला, अगदी संथ, लहान मुलासारखा, आणि मग मला वर जाण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

खोलीचं दार अर्धं उघडं अडकलेलं. मी अंग चोरून आत शिरले. मिसेस केरिज त्याच भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपल्या होत्या. खांद्याला हात लावला. डोळे उघडून त्यांनी मला बघितलं आणि मी ओठांवर बोट ठेवलं. ऐकू न येणाऱ्या बाईला गप्प राहायची खूण!

"काय झालं ग?" त्यांनी चांगलं मोठ्याने विचारलं.

भिंतीत करकरलं. मी हातांनी खुणा केल्या. उठा. चला. खाली. त्या उठून बसल्या, काठी घेतली, आणि पलंगाजवळच्या पेल्याकडे बोट दाखवलं. पेल्यात दात होते.

"दातांशिवाय मी रस्त्यावर येणार नाही," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटायच्या बेतात आलं होतं. मी पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी दात बसवले, जीभ फिरवून बघितली, झग्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या. बाहेरून स्क्रूचा आवाज येत होता. कर्र, मग बराच वेळ काही नाही, मग कर्र. मी त्यांना दारातून तिरकं काढलं. जिन्याशी आल्यावर त्यांनी कठड्याला धरायला हात पुढे केला. कठडा भिंतीत होता. मी तो हात पकडला आणि मान जोरजोरात हलवली. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, वरच्या फटीकडे बघितलं, आणि हात माझ्या हातात तसाच राहू दिला.

पायरीवर बसूनच त्यांना उतरवायचं ठरलं. मी पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, उलटी. त्या एकेक पायरी सरकत. पायाचा अंगठा मागे चाचपत मी उतरत होते. पाच उरल्या असतील नसतील, एवढ्यात भिंतीतून ऊस कडकन मोडावा तसा आवाज झाला. जिना एका बाजूला बोटभर खचला. धूळ एवढी आली, की मला त्यांचं तोंड दिसेना, नुसते दोन हात दिसत होते, माझ्या मनगटांना धरलेले. मी ते हात ओढले. कंबर, हाड, काही बघितलं नाही. त्या माझ्या अंगावर आल्या, आम्ही दोघी स्वयंपाकघरात कोसळलो, उठलो, आणि मी त्यांना काखेत धरून दारातून, रस्त्यातून, समोरच्या हिरवळीपर्यंत नेलं. ते कसं नेलं ते मला आजही सांगता येणार नाही.

लेन बोळातून बाहेर आला. पहिला टेकू सुटला होता, दुसरा अर्धा. तो आमच्यापर्यंत पोचला आणि मागे वळला, तेवढ्यात गिलाव्याचा खालचा सगळा पट्टा भिंतीपासून सुटला आणि बोळात आडवा झाला. मग घराचा तो कोपरा खाली बसला. धडाधड नाही, सावकाश, दीड-दोन हात. खिडक्यांच्या काचा फुटल्या. माडीची जमीन कलली आणि मिसेस केरिजचा पलंग घरंगळत जाऊन भिंतीच्या भगदाडात अडकला. आम्हाला रस्त्यावरून तो दिसत होता, उशीसकट.

टेकूच्या तुळया खाली पडल्या होत्या. आणि शेजारचं नऊ इंच झुकलेलं घर होतं तसं उभं होतं. त्याच्या चुन्याला साधा तडाही गेला नव्हता.

लेन लोकांना लांब ठेवायला गेला. आम्ही दोघी बाकावर बसलो. बोळातून येता येता त्याने दारातले माझे बूट आणि दाराजवळच्या टेबलावरचं त्यांचं कानाचं यंत्र उचलून आणलं होतं, ते आमच्या मध्ये ठेवलेलं. गर्दीतल्या बायका येऊन माझ्या पाठीवर हात फिरवून जात होत्या. मी त्यांचा जीव वाचवला म्हणत होत्या. माझे दात वाजत होते, आणि तशातही माझं डोकं भराभर चालायला लागलं होतं. कोपऱ्यावर फोनबूथ दिसत होता. मिस्टर हेझलडीनना काय सांगायचं? जुनं घर, वारा, किडा. भिंत आतून पोकळ होती हे आधी कोणाला कळणार होतं? तीन महिने संपायला अकरा दिवस होते. लेन बोलणारा माणूस नव्हता. हे सगळं माझ्या बाजूने जुळत होतं, आणि ते जुळतंय याचीच मला त्या जिन्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

मिसेस केरिजनी यंत्र कानाला लावलं. त्या त्यांच्या लटकलेल्या पलंगाकडे बघत होत्या.

"तुमचं घर पडणार नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी चुकले. उगाच घाबरवून मी तुम्हाला तिकडे नेलं."

"मी कुठे घाबरले?" त्या म्हणाल्या. "माझं घर पडणार नाही हे मला माहीत होतं. पंचावन्न वर्षं झोपलेय मी त्यात."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी झगा गुडघ्यांवर सारखा केला.

"तू कागद घेऊन आली होतीस ना त्या दिवशी, तुझा हात असा थरथरत होता, की मला त्यावरचं काही वाचताच येईना. म्हटलं, परदेशातली पोर आहे, एकटी आहे, कोणाच्या तरी धाकात आहे. मी नाही म्हटलं तर तिचं काहीतरी वाईट होईल. दहा दिवस म्हणजे काय मोठंसं?"

त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि तो थांबेपर्यंत धरून ठेवला. बराच वेळ धरावा लागला.

मग मी बूट चढवले आणि फोनबूथकडे गेले. मिस्टर हेझलडीननी स्वतःच फोन उचलला. भिंत बसल्याचं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न होता, आत कोणी होतं का?

"मिसेस केरिज होत्या," मी म्हटलं. "त्यांच्या धडधाकट घरातून काढून मी त्यांना तिथे ठेवलं होतं. ती भिंत मी तपासलेली नव्हती. तुमच्याशी मी खोटं बोलले."

फोनच्या पेटीत मी आणखी एक नाणं टाकलं. आणि फोन कानाला धरून उभी राहिले.